थोरला तो थोरलाच

३ जून, सोमवार

विभागप्रमुखाची जागा महिनाअखेर भरणार. साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितले. सांगताना माझ्याकडे पाहिले. मग पाहुणीकडेही पाहिले, पण ते सभ्यता म्हणून.

पाहुणी म्हणजे माझी कनिष्ठ. गेल्या वर्षी आमच्या कुरियर कंपनीने दुसरी एक कुरियर कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर आली. खुर्च्या आल्या, काही स्कॅनर आले, ही आली. खुर्च्या बऱ्या आहेत.

संकल्प: पाहुणीशी कामापुरतेच बोलायचे. आणि काम कमीत कमी ठेवायचे.

जागा माझीच आहे. जाहीर कधी होते एवढाच प्रश्न.

४ जून, मंगळवार

मोठ्या गिऱ्हाईकाचा तपासनीस आला होता. त्यांचा सगळा माल आमच्याकडून जातो. माणूस बारीक, बुटांचा आवाज न करणारा. असल्या माणसांपासून जपून राहावे. विचारले, डेटाबेस बंद पडला तर काय करता.

सर्व्हर रूममध्ये नेले. लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. मशीन दोन. हा थोरला, हा धाकटा. कुठले पार्सल कुठे आहे हे थोरल्यावर लिहिले जाते. धाकटा बाजूला बसून नक्कल करतो. थोरला पडला तर धाकटा उठतो आणि कारभार हातात घेतो. याला फेलओव्हर म्हणतात.

म्हणाला, कधी करून पाहिला आहे का. म्हटले, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची. म्हणाला, थांबवून पाहिल्याशिवाय ब्रेक आहे की नाही हे कळते कसे. माझे त्याच्याबद्दलचे मत तिथेच संपले.

साहेबांनी परस्पर कबूल केले: २७ तारखेला त्याच्यासमोर फेलओव्हर करून दाखवायचा. माझ्या हस्ते.

तो गेल्यावर पाहुणी म्हणाली, सर, या मशीनना एक आणि दोन म्हणू या का? कारभार इकडून तिकडे जातो, लेबल तिथेच राहते, घोटाळा होतो. लेबले मी स्वतः लिहिली आहेत. लाल शाईने, ठळक. म्हटले, थोरला जन्माने थोरला असतो, ड्युटीने नाही. म्हणाली, पण सर, फेब्रुवारीत...

मी हात वर केला. फेब्रुवारीत मी रजेवर होतो. ही गोष्ट ती या ना त्या निमित्ताने काढत असते. रजा माझ्या हक्काची होती.

६ जून, गुरुवार

आई धाकट्या भावाकडे आहे. आठ दिवसांसाठी गेली आहे, फेब्रुवारीत. मीच रजा काढून सोडून आलो. थंडी होती आणि त्याच्या घरात ऊन येते. आता ऊन सगळीकडे आहे. पण आईला घाई आवडत नाही.

तिची कॉट तयार ठेवली आहे. सौ. तिच्यावर इस्त्रीचे कपडे टाकते. मी उचलून खुर्चीवर ठेवले. संध्याकाळी पुन्हा कॉटवर.

भावाचा फोन आला, सौ.च्या फोनवर. म्हणाला, दादा, आईचा वॉकर, जाड चष्मा आणि तिचं भिंतीवरचं घड्याळ तेवढं पार्सलने पाठव. म्हटले, आठ दिवसांच्या पाहुणीला घड्याळ कशाला. सौ. फोन काढून घेत म्हणाली, अहो, तुमच्या आठवड्याला दिवस तरी किती?

पार्सल उद्या करीन. आमचीच कंपनी आहे. पाठवले आणि पोहोचले यात फरक नाही.

१० जून, सोमवार

योजना ठरली. फक्त इथे लिहितो.

बुधवारी दुपारी पाहुणी एकटी ड्युटीवर असते. त्या वेळी थोरल्याची नेटवर्क केबल मी काढणार. कोणाला न सांगता. धाकटा उठला नाही तर गोदामात बोंब होईल, पाहुणीचे हातपाय गळतील. मी कॅन्टीनमध्ये असेन. चहा संपवून शांतपणे येईन, केबल लावीन. घर कोणामुळे उभे आहे ते सगळ्यांना दिसेल.

आणि धाकटा उठलाच तर फेलओव्हर यशस्वी. करणारा मी. छापा पडला तरी मी, काटा पडला तरी मीच.

इतकी चांगली योजना सुचल्यावर जेवण जात नाही. सौ. म्हणाली, पोट बिघडलंय का.

१२ जून, बुधवार

दुपारी १२.१०. केबल काढली. थोरल्याचा हिरवा दिवा गेला. क्षणभर वाईट वाटले.

१२.१५. कॅन्टीन. चहा. बोंब ऐकू यावी म्हणून खिडकीजवळ बसलो.

१२.२५. बोंब नाही. गोदामाचे पट्टे चालू आहेत. दुसरा चहा.

१२.४०. परत आलो. पाहुणी डबा खात होती. सहज विचारल्यासारखे विचारले, काही झालं का. म्हणाली, थोरल्याची केबल निघालेली दिसतेय. एवढेच. तिने कन्सोल दाखवला. तो मी फारसा उघडत नाही. यंत्रावर विश्वास असला की पाहावे लागत नाही. त्यावर स्पष्ट लिहिले होते: कारभार धाकट्याकडे.

म्हणजे झाला! फेलओव्हर झाला आणि एका पार्सलालाही त्याचा धक्का लागला नाही. हमालांना पत्ता नाही, ड्युटीवर बसलेल्या बाईला पत्ता नाही.

तडक साहेबांकडे गेलो. म्हणाले, तुम्ही? आपण होऊन? मग म्हणाले, छान. हे दुसरे वाक्य महत्त्वाचे.

पाहुणी मागोमाग आली होती. कॉरिडॉरमध्ये म्हणाली, सर, ते तसं झालेलं नाही. कारभार आधीपासूनच... मी हात वर केला. दुसऱ्याचे यश पाहवत नाही, याचे दुःख तिला आयुष्यभर पुरेल.

१३ जून, गुरुवार

पाहुणी थोरल्याला केबल लावायला निघाली होती. वेळेवर पोहोचलो. म्हणाली, नक्कल थांबली आहे, सर. थोरला रोज मागे पडतोय. मी म्हटले, थोरला मागे पडत नसतो. तो विश्रांती घेतो आहे. २७ तारखेला सर्वांच्या देखत मीच त्याला पुन्हा गादीवर बसवणार.

थोरल्यावर कागद चिकटवला: हात लावायचा नाही. प्रयोग चालू आहे. खाली सही.

पाहुणीने कागदाचा फोटो काढला. अक्षर आवडले असावे.

१९ जून, बुधवार

गोदामाचा मुकादम लिफ्टपाशी भेटला. हा माणूस मला साहेब म्हणतो पण ऐकणाऱ्याला ती शिवी वाटते. म्हणाला, साहेब, गोदामात तुमच्यावर पैज लागली आहे. कोणत्या बाजूने ते सांगितले नाही. विचारायची गरज वाटली नाही.

आईचे पार्सल राहिले. उद्या.

२३ जून, रविवार

भाषण लिहिले. विभागप्रमुख म्हणून पहिले. त्यात पाहुणीचाही उल्लेख आहे, मोठ्या मनाने, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. आरशासमोर वाचले. सौ. दारात उभी होती. म्हणाली, कोणाला रागावताय?

कॉटवरचे कपडे खुर्चीवर ठेवले.

२६ जून, बुधवार

सौ.ने निर्वाणीचे सांगितले. आज पार्सल गेले नाही तर ती स्वतः वॉकर घेऊन बसमधून जाईल आणि येताना घाई करणार नाही. म्हणाली, त्या बाईला महिनाभर पेपर वाचता येत नाहीये. मी म्हटले, पेपरात काही नसते.

सामान तिने बांधले. पत्ता मी लिहिला. प्रेषकाचा पत्ता मोठ्या अक्षरात, भावाचा त्याखाली. न पोहोचल्यास प्रेषकाकडे परत, या चौकटीत दोनदा खूण केली. कंपनीच्या काउंटरवर स्वतः दिले. काउंटरवाला म्हणाला, उद्या गोदामातून निघेल. मला सांगतो आहे.

२७ जून, गुरुवार

सकाळी ८.००. नवा शर्ट. खिशात भाषण.

१०.५०. सर्व्हर रूम. साहेब, तपासनीस, पाहुणी, मी. जागा तिघांची. पाहुणीला दाराजवळ उभे केले.

आधी प्रास्ताविक केले. म्हटले, बारा तारखेला मी थोरल्याला उठवून धाकट्याला बसवले, आज थोरल्याला परत बसवतो, म्हणजे जाऊन-येऊन दोन्ही फेलओव्हर पूर्ण. तपासनीस वहीत लिहीत होता. केबल लावली. दिवा हिरवा झाला. तपासनीस पहिल्यांदा बरा दिसला.

आज्ञा दिली. मशीनने नाकारली. म्हणे, थोरला पंधरा दिवस मागे आहे, राहिलेली नक्कल पूर्ण होईपर्यंत थांबा.

पाहुणी पुढे झाली. हळू आवाजात म्हणाली, सर, थांबू या. संध्याकाळपर्यंत भरून निघेल, मग बदलू. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या. साहेब म्हणाले, थांबायचं का? तपासनीस म्हणाला, मी थांबू शकतो. तिघे एका बाजूला. एका मशीनसकट चौघे.

प्रश्न डेटाचा नव्हता. कोणी कोणाचे ऐकायचे, याचा होता.

जबरदस्तीचा फेलओव्हर अशीही एक आज्ञा असते. मॅन्युअलमध्ये अगदी शेवटी, चौकटीत. ती दिली. मशीनने विचारले, मधली माहिती जाईल, नक्की का? नुसते बटण चालेना. YES असे पुरे लिहायला लावले, तेही कॅपिटलमध्ये. पाहुणी म्हणाली, सर, प्लीज. मी एकेक अक्षर सावकाश दाबले.

११.०४. थोरला गादीवर. साहेबांनी टाळी वाजवली. एक.

११.०९. भिंतीवरच्या स्क्रीनवर ताज्या पार्सलांची यादी आली. सगळी बारा जूनची. तपासनिसाने विचारले, आज बारा तारीख आहे का. म्हटले, कॅलेंडरचे काम आमच्या विभागाकडे नाही.

११.१५. मुकादम जिना चढून आला. काखेत खोके. म्हणाला, साहेब, हे माझ्या काखेत आहे आणि स्कॅनर म्हणतो हे जन्मालाच आलेलं नाही. काखेत कळसा ऐकला होता, हे नवीन. मी कोणाचं ऐकू? खाली पट्ट्यावर न जन्मलेल्यांची रांग लागली होती. पंधरवड्यात आलेले एकही पार्सल मशीनला ओळख देईना. आणि जी पार्सले केव्हाच लोकांच्या घरी पोहोचली, ती मशीनच्या मते अजून आमच्याकडेच होती. लोकांना मेसेज जात होते: आपले पार्सल आज निघाले आहे. एका गिऱ्हाईकाने फोन करून विचारले, जे वापरतो आहे ते मग काय आहे.

११.२५. मुकादमाने विचारले, ओळख न पटलेल्यांचं काय करू. म्हटले, नियम काय? म्हणाला, प्रेषकाकडे परत. म्हटले, मग नियमाप्रमाणे करा. निर्णय घेण्यात मी कधी वेळ लावत नाही.

११.३०. आणखी एक. गोदाम थोरल्यावर लिहीत होते आणि बाहेरगावच्या शाखा अजून धाकट्यावरच लिहीत होत्या. एका म्यानात दोन तलवारी. दोघांनाही वाटत होते, कारभारी आपणच.

११.३२. पाहुणी म्हणाली, सर, बाजूला व्हा. तपासनिसासमोर. वेळ मुद्दाम नोंदवून ठेवतो आहे. आणि माझ्या खुर्चीवर बसली. म्हटले, ती खुर्ची माझी आहे. म्हणाली, हो सर. उठली मात्र नाही.

सायंकाळी ६.००. तिने थोरल्याला बंद करून सगळा कारभार धाकट्याकडे नेला. मधल्या वेळात थोरल्यावर जे लिहिले गेले ते गोदामात हाताने पुन्हा स्कॅन करत आहेत. जी पार्सले परत पाठवली त्यांची गाडी निघून गेली होती. मी कॅन्टीनमधून देखरेख केली. मुकादम चहा न्यायला आला. म्हणाला, साहेब, पैज मी जिंकलो. अभिनंदन केले.

भाषण वाचायला वेळ मिळाला नाही.

२८ जून, शुक्रवार

साहेबांची केबिन. आधी दार लावले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच उघडले, हवा हवी म्हणाले.

पाहुणीला बोलायला लावले. तिने सांगितले ते असे. फेब्रुवारीत, मी रजेवर असताना, थोरल्याची डिस्क गेली. धाकटा उठला. तिने डिस्क बदलून घेतली, पण कारभार धाकट्याकडेच ठेवला, कारण चांगला चालला होता. मी रजेवरून आल्याच्या दिवशी मला सांगितले. नंतरही सांगितले. मी दर वेळी हात वर केला. म्हणजे तेव्हापासून थोरलाच बाजूला बसून नक्कल करत होता. बारा जूनला मी ज्याची केबल काढली, तो कारभारी नव्हताच. म्हणून काही पडले नाही, म्हणून कोणी उठले नाही. फक्त नक्कल थांबली.

साहेब म्हणाले, म्हणजे तुम्ही रिकाम्या खुर्चीचा राजीनामा घेतलात, आणि मला येऊन सांगितलंत की राज्य बदललं.

मी शांतपणे मुद्दा मांडला. फेब्रुवारीत फेलओव्हर बिनबोभाट झाला, हे आता सिद्ध झाले आहे. ही जोडी कोणी उभी केली? मी. मी नसतानाही ती चालली, हे माझेच यश नाही का? साहेबांनी पाणी मागवले. पाहुणी खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर पार्किंगखेरीज काही नाही.

तपासनिसाचा शेरा आला. मोठ्या गिऱ्हाईकाचा माल आमच्याकडेच राहिला. शेरा एक ओळीचा: यंत्रणा चांगली आहे, तिला माणसांपासून जपावे. पहिला भाग जपून ठेवला आहे.

२९ जून, शनिवार

सकाळी बेल वाजली. डिलिव्हरीवाला. आईचे पार्सल. वर शिक्का: या क्रमांकाचे पार्सल अस्तित्वात नाही, प्रेषकाकडे परत.

परवाचा नियम.

उघडले. वॉकर ठीक. चष्मा ठीक. घड्याळ चालू होते. भिंतीवर त्याच खिळ्याला लावले. वॉकर पुसून कॉटच्या बाजूला उभा केला, हात पोहोचेल असा. चष्मा उशीजवळ. सामान परत आले की माणूस मागोमाग येतेच.

सौ. दारात उभी राहून पाहत होती. कॉटवरचे कपडे आज तिनेच उचलले.

दुपारी भावाचा फोन. सौ.च्या फोनवर. म्हणाला, दादा, पार्सलची वाट पाहून कालच नवा वॉकर आणला. चष्माही केला. आई पेपर वाचतेय. मी म्हटले, मग या जुन्याचे काय करायचे? त्याने तिकडे विचारले. आईचा आवाज ऐकू आला. स्पष्ट, ठणठणीत. त्यालाच राहू दे म्हणावं, पुढेमागे लागेल.

मी विचारले, ती येते आहे कधी. भाऊ म्हणाला, कुठे? त्याला प्रश्न समजला नाही. लहानपणापासून असाच.

१ जुलै, सोमवार

सकाळी नोटीस लागली. विभागप्रमुख: पाहुणी. मुकादमाने ती मला मोठ्याने वाचून दाखवली, जणू माझाही चष्मा पोहोचायचा राहिला आहे.

सर्व्हर रूममध्ये लेबले बदलली आहेत. एक. दोन. काळ्या शाईत, बारीक. थोरल्याचे लेबल कचऱ्याच्या डब्यात होते. काढून घेतले. गोंद अजून चांगला आहे.

ड्युटीच्या तक्त्यावर माझे नाव आहे. तळाशी, वेगळ्या चौकटीत: स्टँडबाय. विभागप्रमुख उपलब्ध नसल्यास यांना फोन करावा. पाहुणीने स्वतः समजावून सांगितले. सर, तुम्ही फोन फक्त चालू ठेवा. बाकी काही करू नका. बाकी काहीच करू नका, असे दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा वाक्याच्या मध्येच मी हात वर केला होता. तरी तिने ते पुरे केले.

विचार केला तर ही जबाबदारी मोठी आहे. चालवणारा काय, कोणीही असतो. तो पडला की उठतो कोण, यावर सगळे अवलंबून.

संध्याकाळी ६.३०. फोन पूर्ण चार्ज केला. आवाज मोठा. टेबलावर मध्यभागी ठेवला. संकल्प: फोनपासून हलायचे नाही.

७.१५. वाजला नाही.

८.००. सौ.चा फोन वाजला. आई. दोघी बराच वेळ हसत होत्या. मी खुणेने विचारले, माझ्यासाठी काही? सौ.ने मान हलवली.

८.३०. रेंज आहे. बॅटरी आहे. तरी शंका आली. सौ.ला म्हटले, तुझ्या फोनवरून जरा मला लावून पाहा. तिने स्वयंपाकघरातूनच लावला.

वाजला. मोठ्याने. दोनदा वाजू दिला, मग उचलला. ती म्हणाली, फोनमध्ये काही बिघाड नाही, अहो. ठेवा आता.